शांततेचा शिक्षक कसा ओळखावा?



साने गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलायचे तर विषय शाळेचाच हवा, असे मला वाटले. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे शिक्षक होते. पुढचे आयुष्य सत्याग्रह, तुरुंग आणि लेखन यांत गेले. तरी महाराष्ट्र त्यांना आजही गुरुजी म्हणूनच ओळखतो. त्यांच्याकडे मी शेवटी येईन. आधी एका पारितोषिकाबद्दल बोलतो. शांततेसाठी शिकवणाऱ्या माणसांचा गौरव करायचा, तर ती माणसे शोधायची कुठे, हा प्रश्न त्या पारितोषिकाच्या इतिहासात मला फार स्पष्ट दिसतो.

युनेस्कोने १९८० साली शांतताशिक्षणासाठी हे पारितोषिक स्थापन केले आणि १९८१ पासून ते द्यायला सुरुवात केली. पहिली वीसहून अधिक वर्षे ते दरवर्षी दिले गेले, नंतर काही वर्षांच्या अंतराने. त्यासाठीचा पैसा जपानमधून आला. तो देणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे नाव जपान शिपबिल्डिंग इंडस्ट्री फाउंडेशन, आजचे निप्पॉन फाउंडेशन. तिचे संस्थापक र्योइची सासाकावा हे युद्धकाळात कडव्या राष्ट्रवादी राजकारणात होते. युद्ध संपल्यावर युद्धगुन्हेगारीच्या संशयावरून त्यांना तोक्योच्या सुगामो तुरुंगात ठेवले होते आणि १९४८ साली खटला न चालवता सोडून दिले. पुढे मोटारबोटींच्या शर्यतींवर लागणाऱ्या पैजांच्या उत्पन्नातून त्यांची संस्था मोठी झाली. हे सगळे मी मुद्दाम सांगतो आहे. शांततेच्या कामालाही पैसा लागतो आणि तो नेहमी स्वच्छ हातांतून येतोच असे नाही. त्यामुळे पारितोषिक टाकाऊ ठरत नाही. पण त्याचा मान कशावर ठरवायचा, हे मग देणाऱ्याच्या नावावर सोडता येत नाही. ते कोणाला दिले, हेच पाहावे लागते.

यादी काढून बसलो की दोन प्रकारची नावे दिसतात. एका बाजूला जगाला आधीच ठाऊक असलेली नावे आहेत. १९८२ साली शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणारी स्टॉकहोमची संस्था, १९८४ साली अण्वस्त्रांविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांची संघटना, १९८८ साली तेझे या फ्रेंच गावातल्या ख्रिस्ती बंधुसंघाचे ब्रदर रोजे, १९९२ साली मदर तेरेसा. ही माणसे आणि या संस्था थोर आहेत, यात वाद नाही. पण मदर तेरेसांना शांततेचे नोबेल १९७९ सालीच मिळाले होते. त्यांना शिक्षणाचे पारितोषिक देताना निवड समितीने कोणता वर्ग, कोणता पाठ, कोणता विद्यार्थी पाहिला असेल, हे मला आजवर समजलेले नाही.

दुसऱ्या बाजूची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत. पहिल्याच वर्षी स्काउट चळवळीबरोबर फिनलंडच्या हेलेना केक्कोनेन यांना पारितोषिक मिळाले. त्या हेलसिंकीच्या तुरुंगात कैद्यांना शिकवत असत. १९८५ साली दोघांना विभागून मिळाले. त्यांतले एक भारतीय होते, मेजर जनरल इंदरजीत रिखी. गाझातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व केलेल्या या सैनिकाने पुढे न्यूयॉर्कमध्ये शांतताकार्याचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली. दुसरा मान जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातील गेओर्ग एकर्ट संस्थेचा होता. या संस्थेचे काम एकच, शाळेची पाठ्यपुस्तके तपासणे.

या संस्थेपाशी मी जरा थांबणार आहे. माझ्या मते त्या सगळ्या यादीतले सर्वांत मोलाचे काम तिथे झाले.

गेओर्ग एकर्ट हे इतिहासाचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन सैन्याबरोबर ग्रीसमध्ये होते आणि शेवटी तिथल्या प्रतिकार चळवळीला जाऊन मिळाले. युद्धानंतर ब्राउनश्वाइगच्या अध्यापक विद्यालयात शिकवताना त्यांच्या लक्षात आले की नाझी राजवट गेली तरी मुलांच्या हातांत द्यायला पुस्तकच नाही. जुन्या पुस्तकांत शेजारी देश हे शत्रू म्हणूनच येत होते. १९५१ साली त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेसाठी संस्था काढली. त्याच वर्षी जर्मन आणि फ्रेंच इतिहासकार एकत्र बसले आणि दोन्ही देशांच्या वादग्रस्त इतिहासाबद्दल शाळेत काय शिकवता येईल, याची समान विधाने त्यांनी तयार केली. सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेल्या दोन देशांत, तिसरे युद्ध संपून सहा वर्षे झाली असताना, हे घडले.

पोलंडबरोबरचे काम याहून कितीतरी अवघड होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि पुढच्या सहा वर्षांत पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले. त्यांतले निम्मे ज्यू होते. युद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या आणि लाखो जर्मनांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून यावे लागले. दोन्हीकडच्या घराघरांत या आठवणी जिवंत होत्या. १९७० साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सामध्ये करार केला आणि तिथल्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. ते छायाचित्र जगाला माहीत आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, युनेस्कोच्या पुढाकाराने सुरू झालेल्या जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोगाचे छायाचित्र मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. इतिहास आणि भूगोलाचे प्राध्यापक एकदा पोलंडमध्ये, एकदा जर्मनीत जमत आणि ओळीओळीवर वाद घालत. या शहराचे नाव नकाशात कोणत्या भाषेत छापायचे, घरे सोडून आलेल्या जर्मनांबद्दल काय लिहायचे, मध्ययुगातल्या ट्यूटॉनिक सरदारांना काय म्हणायचे, असे ते प्रश्न होते. चार वर्षांनी, १९७६ साली, त्यांनी दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या.

त्या शिफारशी परिपूर्ण नव्हत्या. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती, त्यामुळे हिटलर आणि स्टालिन यांच्यातल्या गुप्त समझोत्याचा त्यांत उल्लेख नव्हता आणि कातिनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी मारलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांचाही नव्हता. जर्मनीत घरे गमावलेल्यांच्या संघटना भडकल्या. पश्चिम जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. काही राज्य सरकारांनी शिफारशी स्वीकारायला नकार दिला. विधिमंडळांत शालेय इतिहासाच्या परिच्छेदांवर चर्चा झाल्या. एकर्ट यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. १९७४ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. पण आयोग मोडला नाही. माणसे म्हातारी झाली, नवी आली, बर्लिनची भिंत पडली, गाळलेल्या गोष्टींवरही उघड बोलता येऊ लागले. २०१६ साली दोन्ही देशांतल्या मुलांसाठी एकच इतिहासाचे पुस्तक निघू लागले, एका बाजूला जर्मन आवृत्ती, दुसऱ्या बाजूला पोलिश. त्याचा चौथा आणि शेवटचा खंड २०२० मध्ये आला. १९७२ ते २०२०, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे.

शांतताशिक्षण म्हटले की आपल्याकडे प्रभातफेरी, पांढरी कबुतरे काढण्याची चित्रकला स्पर्धा आणि ३० जानेवारीचे दोन मिनिटांचे मौन डोळ्यांपुढे येते. मला त्या मौनाचा आदरच आहे. पण ब्राउनश्वाइगच्या प्राध्यापकांनी जे केले ते शाळेच्या रोजच्या साधनात, मुलाच्या दप्तरातल्या पुस्तकात केले. त्यांनी आपल्या बाजूची जखम लपवली नाही आणि दुसऱ्या बाजूची जखम पानावर येऊ दिली. मुलाने ते पान परीक्षेसाठी वाचले, तरी ते त्याच्या मनात राहणार.

एकर्ट संस्थेच्या पुढच्याच वर्षी, १९८६ साली, हे पारितोषिक ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांना मिळाले. फ्रेरे यांच्या विचारांवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त एका वर्गाबद्दल सांगतो. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्येकडच्या आंजिकोस या दुष्काळी गावात त्यांनी सुमारे ३०० प्रौढांना, बहुतेक शेतमजुरांना, चाळीसेक तासांत लिहावाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. मुळाक्षरांपासून सुरुवात नव्हती. आधी कार्यकर्ते त्या वस्तीत राहून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करत. मग त्यांतला एखादा शब्द घ्यायचा, समजा वीट. वीट कोण भाजतो, घर कोणाचे बांधले जाते, आपले घर मातीचे का, अशी चर्चा आधी व्हायची, आणि मग त्या शब्दातली अक्षरे फोडून नवे शब्द बनवायचे. शेवटच्या वर्गाला देशाचे राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार स्वतः हजर होते.

यात शांततेचा काय संबंध, असे कोणी विचारेल. तेव्हाच्या ब्राझीलमध्ये निरक्षराला मतदानाचा हक्क नव्हता. मजुराला सही करता आली की तो मतदार होत होता. देशभर असे हजारो वर्ग काढायची तयारी सुरू झाली आणि १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली. फ्रेरे यांना सुमारे सत्तर दिवस तुरुंगात ठेवले. मग बोलिव्हिया, चिली, अमेरिका, जिनिव्हा असा वनवास सुरू झाला. ते मायदेशी परतले ते १९८० मध्ये. निरक्षरांना मताचा हक्क मिळाला १९८५ साली आणि फ्रेरे यांना शांतताशिक्षणाचे पारितोषिक त्याच्या पुढच्या वर्षी. ज्या सरकारला फक्त गप्प बसलेली माणसे हवी असतात, त्याला असा शिक्षक शांतता बिघडवणाराच वाटतो. निवड समितीने त्या वर्षी हा आरोप झुगारला, याबद्दल मला तिचे कौतुक वाटते. १९९९ साली अर्जेंटिनात बेपत्ता केलेल्या मुलांच्या आयांच्या संघटनेला पारितोषिक देताना तिने हेच धैर्य पुन्हा दाखवले. १९७७ पासून दर गुरुवारी ब्वेनोस आयरेसच्या चौकात डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या मारणाऱ्या त्या बायकांचा वर्ग कोणत्याही शाळेत नव्हता, तरी सारा देश त्यांच्याकडून शिकला.

२००३ साली नाझरेथच्या सेंट जोसेफ शाळेचे मुख्याध्यापक, फादर एमिल शुफानी यांची निवड झाली. हे इस्रायलमधले अरब ख्रिस्ती धर्मगुरू. १९४८ च्या युद्धात त्यांच्या आजोबांना आणि काकांना इस्रायली सैनिकांनी मारले होते. अशा घरातल्या माणसाने १९८८ पासून आपल्या शाळेची आणि जेरुसलेममधल्या एका ज्यू शाळेची जोडी जमवली. एकीकडची मुले दुसरीकडे जात, एकमेकांच्या घरी राहत, आणि बोलता बोलता भांडत. मग २००३ मध्ये, पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव, म्हणजे इंतिफादा, चालू असताना, रोज बॉम्बस्फोटांच्या आणि गोळीबाराच्या बातम्या येत असताना, शुफानी शेकडो अरब आणि ज्यू माणसांना बरोबर घेऊन पोलंडमधल्या आउशवित्झच्या नाझी छळछावणीला गेले. समोरच्या माणसाची भीती कुठून आली आहे हे आपण स्वतः जाऊन पाहिले पाहिजे, असे ते अरब समाजाला सांगत होते. त्यांच्यावर स्वतःच्याच लोकांनी टीका केली. आमचे दुःख कोण पाहायला येणार, हा त्या टीकाकारांचा सवाल अन्यायाचा नव्हता. शुफानी यांनी त्याच्या उत्तराची वाट न पाहता सुरुवात केली, आणि मला ते बरोबर वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा गाझात युद्ध पेटलेले होते. मग त्यांच्या शाळेने काय साधले, असा प्रश्न मनात येतोच. शाळा युद्ध थांबवू शकत नाही. युद्ध थांबेल त्या दिवशी एकमेकांशी बोलू शकणारी थोडी माणसे ती तयार ठेवू शकते. शिक्षकाच्या हातात एवढेच असते आणि ते थोडे नाही.

भारतातल्या शाळेला हा मान एकदा मिळाला आहे. २००२ साली लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलची निवड झाली. जगदीश आणि भारती गांधी या दांपत्याने १९५९ मध्ये पाच मुलांवर सुरू केलेली ही शाळा पुढे एकाच शहरात सर्वाधिक विद्यार्थी असलेली शाळा म्हणून गिनीज बुकात गेली. सर्वधर्म प्रार्थना, जगभरच्या मुलांचे मेळावे, न्यायाधीशांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा, हे सारे तिथे झाले. पण २०१५ मध्ये शिक्षणहक्क कायद्याखाली वस्तीतल्या गरीब मुलांना प्रवेश देण्यावरून हीच शाळा न्यायालयात गेली आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तिला तेरा मुलांना घ्यायला सांगितले. त्या शाळेने केलेले चांगले काम मी नाकारत नाही. पण दूरदेशच्या मुलांना मिठी मारणे सोपे असते. शेजारच्या झोपडपट्टीतले मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसणार म्हटले की खरी परीक्षा लागते. शांततेचे पारितोषिक देणाऱ्याने शाळेचे प्रवेशपुस्तक आधी पाहावे, असे मला त्यामुळे वाटते.

आता आपल्या घरी येतो. १९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. त्याच १९४५ मध्ये त्या मुलखात सावकार आणि जमीनदारांच्या वेठीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. मुले शाळेत येत नाहीत, अशी तक्रार करत या दोघी बसल्या नाहीत. मूल धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून येत नाही, तर पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरवली. मूल गुरे राखते म्हणून येत नाही, तर शाळा कुरणात नेली, तीच कुरणशाळा. आज देशभर अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदांवर आहे, तो या कामातून आला. ज्या समाजाला शाळेने कधी आपले मानले नव्हते, त्याच्या दाराशी शाळा गेली. मी याला शांतताशिक्षणच म्हणतो. ताराबाई १९७३ साली वारल्या, म्हणजे युनेस्कोचे पारितोषिक सुरू होण्याच्या आधी. अनुताई १९९२ पर्यंत होत्या. ज्या वर्षी त्या गेल्या, त्याच वर्षी ते पारितोषिक मदर तेरेसांना मिळाले.

आणि साने गुरुजी. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडत आणि रोज स्वतःच्या हाताने लिहून छात्रालय दैनिक काढत. १९३० च्या सत्याग्रहानंतर त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले, तिथे दक्षिणेतल्या सत्याग्रहींची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. ते तमिळ शिकू लागले, पुढे तिरुक्कुरळ त्यांनी मराठीत आणले, आणि भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे हे आंतरभारतीचे स्वप्न तिथून वाढले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले. फाळणीच्या तोंडावर देशात रक्त सांडत होते, आणि हा शिक्षक एका देवळाच्या दाराशी अडून बसला होता. त्यांना दिसलेली हिंसा आधी आपल्या दारातली होती.

आपल्या दारातली आजची एक गोष्ट सांगतो. चौथीच्या वर्गात अफजलखानाचा पाठ येतो तेव्हा वर्गात एखादा शेख किंवा पठाण आडनावाचा मुलगा बसलेला असतो. काही डोळे त्याच्याकडे वळतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने हा क्षण पाहिलेला आहे. काही शिक्षक तो तसाच जाऊ देतात. काही मात्र त्याच तासाला सांगतात की खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, महाराजांच्या पायदळाचे पहिले सरनोबत नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते, पत्रव्यवहार पाहायला काझी हैदर होते, आणि खान पडल्यावर महाराजांनी त्याचे दफन करवले, ती कबर आजही प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. यात इतिहासाचा एक कणही बदललेला नाही. तो पूर्ण सांगितला आहे, एवढेच. असा तास घेणारा शिक्षक मला एकर्ट यांचा सहकारी वाटतो, आणि त्याला शोधायला कोणतीही समिती जात नाही.

जगाची नजर कधी कधी आपल्याकडे वळते, हे खरे. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलते करण्याचा त्यांचा उपक्रम त्या गौरवात मोजला गेला. दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण आपण स्वतः आपल्या शिक्षकांना कसे निवडतो? पुरस्कारासाठी शिक्षकानेच अर्ज भरायचा, स्वतःच्या कामाचा अहवाल लिहायचा, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे जोडायची, आणि ५ सप्टेंबरची वाट पाहायची. ज्याला वर्गातून फुरसत नाही आणि स्वतःबद्दल लिहायचा संकोच आहे, तो या रीतीत पहिल्याच दिवशी बाद होतो.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांना आणि तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. साने गुरुजींच्या नावाने शांततेसाठी शिकवणाऱ्या शिक्षकाचा एक वार्षिक पुरस्कार सुरू करा. रक्कम लहान असली तरी चालेल. त्यासाठी अर्ज मागवू नका. समितीतल्या दोघांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवडाभर वर्गात मागच्या बाकावर बसावे, इतिहासाचा एक तास ऐकावा, हजेरीपट पाहून सतत गैरहजर राहणारी मुले कोणत्या वस्तीतली आहेत ते विचारावे आणि शिक्षक त्यांच्या घरी जातो का ते पाहावे. दोन मुलांचे भांडण झाले तर तो काय करतो, हेही पाहावे. आणि तुमच्या गावात, तुमच्या मुलांच्या शाळेत असा एखादा शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तर त्यांचे नाव आणि तुम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग एका कागदावर लिहून आज सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी संयोजकांकडे द्या.